नकाराचे कारण



आपल्या मराठीत ‘पत’ हा फार छोटा शब्द आहे, पण त्याचे ओझे मोठे आहे. पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा या शब्दांत पत म्हणजे उधारीची लायकी. आणि ‘त्याची गावात पत राहिली नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा पत म्हणजे अब्रू. दोन्ही अर्थांना शब्द एकच. म्हणून बँकेने कर्ज नाकारले की माणसाला केवळ पैसे मिळाले नाहीत असे वाटत नाही. आपली अब्रू गेली, असे वाटते. तो घरी येऊन कोणाला सांगत नाही. शेजाऱ्याने विचारले, तर ‘कागदपत्रं चालू आहेत’ म्हणून वेळ मारून नेतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१८ च्या जून महिन्यात मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी मी एका बँकेत शैक्षणिक कर्जाचा अर्ज केला. सातबारा, पगाराचे दाखले, कॉलेजचे पत्र, सगळे दिले. चार-पाच हेलपाटे झाले. शेवटी टेबलामागच्या साहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “गुरुजी, तुमचं बसत नाही यात.” का बसत नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मागे रांग होती. मला लाज वाटली.

बसस्टँडपर्यंत चालत येताना माझ्या मनात काय काय आले, ते प्रामाणिकपणे लिहितो. आपण ख्रिस्ती म्हणून असे झाले. आपली जात पाहिली. साहेबांना काहीतरी ‘चहापाणी’ हवे असणार. आपल्या आधी गेलेल्या त्या अमक्याचे बरे झाले, त्याचा पुढारी ओळखीचा. घर येईपर्यंत माझी खात्री झाली होती की हा अन्याय आहे. पुरावा मात्र माझ्याजवळ एकही नव्हता.

असा अन्याय होतच नाही, असे मी म्हणणार नाही. आपल्या लोकांनी तो पिढ्यान्पिढ्या सोसला आहे. म्हणूनच प्रश्न महत्त्वाचा आहे: ज्याला नकार मिळाला, त्याला कारण मागण्याचा हक्क आहे का? आणि कारण समजले, तर ते ऐकून घेण्याचे काही कर्तव्य त्याच्यावर येते का?

आपल्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. शेतकऱ्याला पैशाची गरज सर्वांत जास्त होती, नेमका तेव्हाच सावकाराने हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि तो आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्याकडे पसरला. या दंग्यांत लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. सावकाराच्या घरातून कर्जरोखे बाहेर काढायचे आणि जाळायचे, असे बहुतेक ठिकाणी झाले. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. जो कागद वाचता येत नाही, त्याची भीती वाटते, आणि भीतीचा शेवट आगीत झाला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात एक साधी पण मोठी गोष्ट होती. कर्जदाराला भरलेल्या पैशाची पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क मिळाला, आणि कर्ज मुळात किती होते, कसे वाढले, हे कोर्टाला मागे जाऊन तपासता येऊ लागले. म्हणजे जाळण्याऐवजी वाचण्याचा मार्ग दिला गेला. त्या कायद्याने गरिबी गेली नाही, सावकारीही गेली नाही. पण ‘तुझ्याविषयी काय लिहिले आहे ते तुला पाहता आले पाहिजे’ हे तत्त्व आपल्याच मातीत, आपल्याच पूर्वजांच्या दुःखातून उभे राहिले, हे आपण विसरू नये.

आज आपला कागद सावकाराच्या पेटीत नाही, संगणकात आहे. २००० साली ‘सिबिल’ ही संस्था स्थापन झाली. २००५ साली अशा संस्थांसाठी कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आपल्या देशात आहेत. आपण कोणत्या बँकेकडून किती कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, कोणाला जामीन राहिलो, हे सर्व बँका या कंपन्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा तयार होतो. त्यालाच लोक ‘सिबिल’ म्हणतात. ‘माझं सिबिल खराब आहे’ असे आपली पोरे म्हणतात, ते हेच. बँका अर्ज पाहताना आधी हा आकडा पाहतात.

पुष्कळांना माहीत नसलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली, या प्रत्येक कंपनीने आपला पूर्ण अहवाल वर्षातून एकदा आपल्याला फुकट द्यायचा असतो. दुसरी, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने कर्ज नाकारले तर नाकारण्याची मुख्य कारणे लेखी कळवली पाहिजेत. कर्ज लहान असो की मोठे. ‘तुमचं बसत नाही’ हे कारण नव्हे.

हे मला माझ्या पुतण्याने सांगितले. त्याच्या सांगण्यावरून मी एक साधा अर्ज लिहून त्याच बँकेत दिला आणि पोच घेतली. काही दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले: जामीनदार असलेल्या खात्यात थकबाकी. नेट कॅफेत बसून पुतण्याने अहवाल काढला. त्यात माझ्या नावावर एक ट्रॅक्टरचे कर्ज दिसत होते. मी कधी ट्रॅक्टर घेतलेला नाही. पण २०१२ साली माझ्या धाकट्या चुलतभावाने घेतला होता, आणि बँकेतल्या त्या जाड कागदांवर मी जामीनदार म्हणून सह्या केल्या होत्या. सह्या करताना मी एकही पान वाचले नव्हते. शिकलेला माणूस असूनही नाही. १८७५ सालच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. मला येत होते.

जामीनदार म्हणजे साक्षीदार, असा आपल्या गावाकडे समज आहे. तो चुकीचा आहे. कायद्याच्या दृष्टीने करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पवित्र शास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. नीतिसूत्रांच्या पुस्तकात दुसऱ्याला जामीन राहण्याविरुद्ध कडक इशारा आहे. सिराखच्या ग्रंथाच्या २९ व्या अध्यायात मात्र दोन्ही बाजू आहेत. चांगला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, असे तिथे सांगितले आहे आणि जामीनकीने अनेकांची भरलेली घरे रिकामी झाली, हेही सांगितले आहे. म्हणजे जामीन राहणे हे पाप नाही, उलट ते प्रेमाचे काम असू शकते. पण प्रेमाच्या कामातही डोळे उघडे ठेवावे लागतात.

मग मी भावाकडे गेलो. खरे सांगायचे तर भांडायलाच गेलो होतो. तो अंगणात बसला होता. मी कागद पुढे केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, दोन वर्षं पाऊस नव्हता. नोटीस यायची, मी पेटीत टाकायचो. तुला सांगायला तोंड नव्हतं.” २०१५-१६ चा दुष्काळ आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या पेटीतल्या नोटिसा आणि माझ्या मनातली लाज, दोन्ही सारखेच होते. त्यालाही कारण सांगायचे धाडस नव्हते आणि मलाही विचारायचे नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मागणाऱ्याला पाठ दाखवू नका, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले आहे. मग कर्ज नाकारणे हेच मुळात ख्रिस्ती शिकवणुकीच्या विरुद्ध आहे का? मला तसे वाटत नाही. मी माझ्या खिशातून देतो, ती गोष्ट वेगळी. बँक देते ते पैसे तिचे नसतात. त्यात कोणा विधवेची ठेव असते, कोणा निवृत्त शिक्षकाचा फंड असतो. आपल्या नगर शहरातील नगर अर्बन बँक ही १९१० साली स्थापन झालेली जुनी बँक. पुरेसे भांडवल व कमाईची शक्यता उरली नाही, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. बँक बंद पडली की विम्यातून ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच रक्कम मिळते. त्यावरची रक्कम ज्यांची असते, त्यांचे हाल कोणी पाहायचे? कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे तपासून पाहणे ही बँकेची निष्ठुरता नाही. ठेवीदारांप्रती ते तिचे कर्तव्य आहे. आणि ज्याला फेडणे झेपणारच नाही, त्याला कर्ज देणे ही दया नव्हे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूनेच सांगितले आहे. कधी कधी तो हिशेब आपण करत नाही, म्हणून दुसऱ्याला करावा लागतो.

तेव्हा ‘नाही’ म्हणण्यात पाप नाही. पण ‘नाही’ कसे म्हणायचे, याविषयी शास्त्र बोलते. लूकच्या शुभवर्तमानात मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. तो तीन भाकरी उसन्या मागतो. म्हणजे ती एक कर्जाचीच मागणी आहे, आणि पहिल्यांदा तिला नकारच मिळतो. पण आतला मित्र गप्प बसत नाही. दार लावले आहे, मुले माझ्याजवळ निजली आहेत, असे तो कारण सांगतो. कारण कळले, म्हणून बाहेरच्याला पुन्हा ठोठावता आले. आत कोणी बोललेच नसते तर तो काय समजून परत गेला असता? तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असावे, ही शिकवण आपण शपथेपुरती मर्यादित ठेवतो. मला वाटते, ती बँकेच्या टेबलालाही लागू आहे. अनुवादाच्या पुस्तकात तर आणखी नाजूक आज्ञा आहे. कर्ज देणाऱ्याने तारण घेण्यासाठी कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. घेणारा गरीब असला तरी त्याच्या उंबऱ्याचा मान राखला पाहिजे. कारण सांगणे हा असाच एक मान राखणे आहे.

हे लिहीत असताना माझा हात थांबतो, कारण या बाबतीत मी स्वतः दोषी आहे. माझी नेमणूक दुसऱ्या तालुक्यात असताना तिथल्या चर्चच्या मदत समितीत मी होतो. एक मावशी घरावर पत्रे टाकण्यासाठी मदत मागायला आल्या. त्या वर्षी दवाखान्याच्या कामांत पैसे संपले होते, म्हणून समितीने नाही ठरवले. त्यांना कळवण्याचे काम माझ्याकडे आले. मिस्सानंतर त्या भेटल्या तेव्हा मी म्हणालो, “बघू, मावशी.” पुढच्या रविवारी पुन्हा “बघू.” तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारले नाही. नंतर त्या मिस्साला यायच्याच थांबल्या. मला वाटत होते, मी त्यांना तोडून बोललो नाही, त्यांचे मन राखले.

माझ्या स्वतःच्या अर्जाचा हा सारा प्रकार झाल्यावर मी मुद्दाम त्यांच्या गावी गेलो आणि खरे कारण सांगितले. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “गुरुजी, मला वाटलं माझ्या पोरानं धर्माबाहेर लग्न केलं, म्हणून तुम्ही मला टाकलं.”

बंधुभगिनींनो, कारणाची जागा कधी रिकामी राहत नाही. आपण ती भरली नाही, तर समोरचा माणूस आपल्या जुन्या जखमेने ती भरतो. मी बँकेतून निघताना जात आणि धर्म घालून भरली. मावशींनी आपल्या मुलाचे लग्न घालून भरली. मी ज्याला मन राखणे समजत होतो, तो माझा स्वतःचा आळस आणि भित्रेपणा होता. गरिबाचे ऐकून घ्यावे आणि त्याला सौम्यपणे उत्तर द्यावे, असे सिराख सांगतो. सौम्य उत्तर म्हणजे मोघम उत्तर नव्हे.

आपल्या ख्रिस्तसभेने या बाबतीत चांगले मार्गही दाखवले आहेत. १५ व्या शतकात इटलीत गरिबांना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी अल्प खर्चात तारणावर कर्ज देणाऱ्या पेढ्या सुरू केल्या. १४६२ साली पेरुजा येथे अशी पेढी निघाली होती. १९०९ साली छोटा नागपुरात जेज्वीट फादर हॉफमन यांनी आदिवासी बांधवांसाठी कॅथोलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. १९१८ साली वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी पतपेढी सुरू केली, तीच आजची बॅसीन कॅथोलिक बँक. आपल्या बायकांच्या बचत गटांतही तेच आहे. गोलात बसून कोणाला द्यायचे, कोणाला या महिन्यात नाही, हे समोरासमोर ठरते. तिथे नकार मिळालेली बाई रुसते, पण तिला कारण माहीत असते. पुढच्या महिन्यात ती पुन्हा येऊन बसते.

शेवटी एक भेद लक्षात ठेवू या. तो ३०० ते ९०० मधला आकडा आपल्या व्यवहाराची नोंद आहे, आपली किंमत नव्हे. तुम्ही आजारी सासूची दहा वर्षे सेवा केली, हे त्या आकड्याला कळत नाही. किराणा दुकानदाराची उधारी तुम्ही दर महिन्याला न चुकता फेडली, हेही कळत नाही. देवाने आपल्याला बाप्तिस्म्यात स्वीकारले ते कोणताही जामीन न मागता. दहा हजार तालांतांचे कर्ज माफ करणाऱ्या राजाच्या दाखल्यात आपली खरी पत काय आहे ते सांगितले आहे. पण त्याच दाखल्यातला चाकर लगेच बाहेर जाऊन दुसऱ्याचा गळा धरतो. देव माफ करतो म्हणून बँकेचे बुडवले तरी चालते, असे समजणारा त्याच चाकराचा भाऊ. जक्कयाने मात्र प्रभू घरी आल्यावर स्वतः होऊन आपली वही उघडली.

म्हणून माझी सर्वांना विनंती आहे. कर्ज नाकारले गेले, तर लाजून उठू नका. लेखी कारण मागा आणि पोच घ्या. आपला अहवाल काढून वाचा. कर्ज फिटूनही सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहिला असेल, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. अहवालातच चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत ती सोडवली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २०२४ पासून आहे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पतसंस्थेची तक्रार असेल तर ती तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी लागते. पैसे घेऊन आकडा वाढवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. आणि एका नकाराच्या रागाने विनापरवाना सावकाराच्या किंवा मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या दारात जाऊ नका. नकारापेक्षा तो होकार महाग पडतो.

आणि कारण समजल्यावर ते आपलेच निघाले, तर ते मान्य करण्याची तयारी ठेवा. प्रायश्चित्त संस्कारात आपण तेच करतो. भावाने आणि मी मिळून ते ट्रॅक्टरचे खाते २०२० साली बंद केले. मुलीची पहिली फी माझ्या पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून भरली. ती लाज मी आज या पानावर उघड करतो आहे, कारण पुढच्या बाकावर बसलेल्या कोणाच्या तरी पेटीत आज न उघडलेली नोटीस असेल. त्याने ती आज घरी जाऊन उघडावी, आणि ज्याला सांगायला हवे त्याला सांगावे.

‘नाही’ ऐकण्याचे धैर्य आणि ‘नाही’ म्हणताना कारण सांगण्याची माया, प्रभू आपणा सर्वांना देवो.